सुई, माग आणि तलवार

गेल्या वर्षी एका कथास्पर्धेसाठी आलेल्या कथा वाचायचं काम माझ्याकडे होतं. जुन्या दंतकथा अद्भुतकथेच्या अंगानं नव्यानं सांगायच्या, एवढाच विषय. लिहिणाऱ्या बहुतेक विशी-पंचविशीतल्या मुली. भाषा चांगली, कल्पना दमदार. पण सातव्या-आठव्या कथेपाशी मी थबकले आणि आधी वाचलेल्या कथांची पहिली पानं काढून शेजारी शेजारी ठेवली. एकीत नायिका भरतकामाचं कापड चुलीत भिरकावते. दुसरीत सुई बोटात रुतते, ती वैतागून उठते आणि खिडकीतून उडी मारून तबेल्याकडे पळते. तिसरीत बहिणी कपडे-दागिन्यांबद्दल बोलत बसल्या आहेत आणि ही कंटाळून भावाच्या तलवारीकडे बघते आहे. मूळ दंतकथा निरनिराळ्या देशांतल्या, लिहिणाऱ्या एकमेकींना ओळखतही नसणार. तरी आपली नायिका बलवान आहे हे सांगायला प्रत्येकीला पहिल्याच पानावर सुई टाकून द्यावीशी वाटली.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. जुन्या कथा नव्यानं सांगाव्यात, त्यांत बाईला मध्यभागी आणावं, हे मला मनापासून हवं आहे, आणि म्हणूनच ती सुई खटकली. बायका पिढ्यानपिढ्या जे करत आल्या ते हलकं आणि पुरुष जे करत आले ते मोलाचं, हा जुन्या जगाचा निवाडा. सुई टाकून तलवार उचलणारी नायिका तो निवाडा मोडत नाही, त्यावर पुन्हा शिक्काच मारते. ती एकटी हलक्या बाजूकडून मोलाच्या बाजूला जाते. बाकीच्या होत्या तिथेच राहतात, आणि त्यांना कमी लेखणाऱ्यांत आता नायिकेचीही भर पडते.

मुलानची गोष्ट घ्या. म्हाताऱ्या वडिलांच्या जागी पुरुषवेषात सैन्यात गेलेली ही चिनी मुलगी आज जगभर ठाऊक आहे. तिच्यावरचं जुनं गीत अगदी छोटं आहे, तीनशेहून थोडी जास्त चिनी अक्षरं. ते सुरू होतं मागापाशी. मुलान दाराशी बसून विणते आहे. पण धोट्याचा आवाज कानावर येत नाही, येतो तो तिचा सुस्कारा. सैन्यभरतीच्या यादीत तिनं वडिलांचं नाव पाहिलं आहे आणि घरात वडिलांच्या जागी जाईल असा मोठा भाऊ नाही. मग ती पूर्वेच्या बाजारातून घोडा घेते, पश्चिमेच्या बाजारातून खोगीर, दक्षिणेच्या बाजारातून लगाम, उत्तरेच्या बाजारातून चाबूक. त्यानंतर युद्ध, आणि एवढ्या मोठ्या युद्धाला कवीनं दिल्या आहेत जेमतेम सहा ओळी. चिलखतावर थंड उजेड चमकतो, सेनापती शंभर लढायांत मरतात, वीर दहा वर्षांनी परततात, संपलं.

कवी रमतो तो तिच्या घरी परतण्यात. सम्राट मोठं पद देऊ करतो. तिला ते नको आहे, घरी पोचवणारं एखादं वेगवान जनावर तेवढं हवं आहे. आईवडील एकमेकांना धरून वेशीबाहेर येतात. थोरली बहीण नटते, धाकटा भाऊ मेजवानीसाठी सुरी परजतो. मुलान आपल्या खोलीचं दार उघडते, आपल्या पलंगावर बसते, लढाईचा झगा उतरवून जुने कपडे घालते, खिडकीशी केस विंचरते, आरशात बघून पिवळ्या फुलाची टिकली लावते. मग बाहेर येते तेव्हा सोबती थक्क होतात. बारा वर्षं बरोबर काढली आणि ही मुलगी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी दोन ससे येतात. शेजारी शेजारी धावत असले की नर कोणता आणि मादी कोणती, हे कुणाला सांगता येईल, असं विचारून गीत थांबतं.

हे गीत वाचताना एक गोष्ट मला दर वेळी नव्यानं जाणवते. माग, घोडा आणि आरसा यांच्यात कवीला कसलंच भांडण दिसत नाही. विणणारी मुलगी लढते, लढून आल्यावर केस विंचरते, आणि यातलं काहीही दुसऱ्यामुळे कमी होत नाही. अनेक शतकांपूर्वीच्या त्या अनाम कवीला जे सहज जमलं, ते आज आम्हाला जड का जावं? आज कुणी हीच कथा लिहायला घेतली तर मागाची पहिली ओळ आधी उडेल, नाहीतर मुलानला विणकाम अजिबात येत नाही असं दाखवलं जाईल. आणि सहा ओळींच्या युद्धाची सहाशे पानं होतील.

पुनर्कथन म्हणजे पुढचं पाऊल, अशी एक समजूत आपल्या मनात बसलेली असते. जुनी कथा बायकांना दाबणारी, नवी कथा त्यांना सोडवणारी. याच मुलानला सतराव्या शतकातल्या एका चिनी कादंबरीत खानाची रखेल होण्याची वेळ येते आणि ती आत्महत्या करते. म्हणजे जुन्या गीतात ती घरी येऊन आरशासमोर बसली होती, आणि त्यानंतर कित्येक शतकांनी आलेल्या पुनर्कथनानं तिला मारून टाकलं. नंतर सांगितलं म्हणून सांगणं सुधारत नाही.

आपल्याकडचा याचा सगळ्यात मोठा पुरावा शकुंतला आहे. शकुंतला म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती कालिदासाची, हरणाच्या पाडसाला कुरवाळणारी, सासरी निघताना वेलींचा निरोप घेणारी, शापानं होरपळलेली. महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला वेगळी आहे. दुष्यंत आश्रमात येऊन गांधर्व विवाहाची घाई करतो तेव्हा ती आधी अट घालते, माझ्या पोटी होणारा मुलगाच तुझ्यानंतर राजा झाला पाहिजे. राजा कबूल करतो, मग लग्न. पुढे ती मुलाला घेऊन दरबारात येते. तिथे शाप नाही आणि अंगठीही नाही. दुष्यंताला सगळं आठवतं आहे आणि तो सरळ सरळ नाकारतो. ही मग रडून कोसळत नाही. भर सभेत त्याला सुनावते, दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दोष दिसत असूनही दिसत नाहीत. तराजूच्या एका पारड्यात हजार अश्वमेध घातले आणि दुसऱ्यात सत्य, तर सत्याचंच पारडं जड होईल, हेही तीच बजावते. शेवटी आकाशवाणी होते आणि राजा म्हणतो, मला ठाऊक होतं, पण नुसत्या तुझ्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती.

कालिदासानं शाप आणला, अंगठी आणली, आणि राजा निर्दोष सुटला. विसरला त्यात त्याचा काय दोष! नाटक अपूर्व आहे, चौथा अंक वाचून आजही गळा दाटतो, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण राजाची अब्रू वाचवायची म्हणजे शकुंतलेचा वाद काढून घ्यावा लागला. ज्याला काही आठवतच नाही त्याच्याशी वाद घालणार काय? अद्भुताचा एक धागा कथेत घातला आणि बाईच्या तोंडचे शब्द गेले. अद्भुतकथा लिहिणाऱ्या प्रत्येकीनं आदिपर्वातली शकुंतला आणि नाटकातली शकुंतला लागोपाठ वाचाव्यात असं मला फार वाटतं. जादू कुणाच्या बाजूनं कामाला लावायची, हे तिथे लख्ख दिसतं.

म्हणून जुन्या कथांना हात लावू नका, त्यांत भेसळ करू नका, असं जेव्हा कुणी कळकळीनं सांगतं तेव्हा माझा एकच प्रश्न असतो. यातली मूळ कोणती? लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. फ्रेंच लेखक शार्ल पेरोनं ती १६९७ साली छापली तेव्हा लांडगा मुलीला खातो, गोष्ट संपते आणि खाली मुलींना उद्देशून तात्पर्य येतं. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली शिकारी आणला, तो लांडग्याचं पोट फाडून आजी-नातीला बाहेर काढतो. त्यांनी शेवटी एक छोटी पुरवणीही जोडली होती, जिच्यात आजी आणि नात दुसऱ्या एका लांडग्याला स्वतःच बुडवून मारतात, पण लोकांच्या लक्षात राहिला तो शिकारी. या दोन्हींहून वेगळी गोष्ट फ्रान्सच्या खेड्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तोंडी सांगणाऱ्यांकडून टिपली गेली. पेरोच्या आधीचं रूप तिच्यात टिकून राहिलं असावं, असं लोककथांचे बरेच अभ्यासक मानतात. तिच्यात मुलीच्या डोक्यावर लाल टोपी नाही. वाटेवर लांडगा तिला विचारतो, कोणत्या वाटेनं जाणार, सुयांच्या की टाचण्यांच्या? पुढे ती आजीच्या बिछान्यात लांडग्याशेजारी पडलेली असते तेव्हा तिला संशय येतो, आणि ती म्हणते, मला बाहेर जायचं आहे. इथेच उरक, असं तो म्हणतो. ही हट्ट सोडत नाही. शेवटी तो तिच्या पायाला लोकरीचा धागा बांधून तिला सोडतो. अंगणात आल्यावर ती धागा सोडवते, आलुबुखारच्या झाडाला बांधते आणि धूम ठोकते. लांडगा आतून विचारत बसतो, झालं का, झालं का?

या मुलीला कुणी वाचवलेलं नाही, आणि तिच्या हातात शस्त्रही नाही. भीती पोटात ठेवून लोकरीची गाठ सोडायची आणि दुसरी मारायची, एवढंच तिनं केलं, अंधारात, घाईत, आवाज न करता. गाठी मारायची सवय असलेल्या बोटांचं हे काम आहे. या मुलीला तात्पर्याच्या चौकटीत बसवलं ते छापणाऱ्या, शिकलेल्या पुरुषांनी. मग आज बलवान नायिका घडवायची म्हणून पेरोची भाबडी मुलगी घ्यायची आणि तिच्या हाती कुऱ्हाड द्यायची, यापेक्षा धागा बांधणारी मुलगी शोधून काढणं मला जास्त न्यायाचं वाटतं. ती होतीच, तिला बाजूला केलं गेलं.

धैर्य कशानं मोजायचं, हे तर फार पूर्वीच कुणीतरी विचारून ठेवलं आहे. इसवी सनापूर्वी ४३१ साली अथेन्सच्या रंगमंचावर ग्रीक नाटककार युरिपिडीसची नायिका मीडिया म्हणाली होती की एकदा बाळंत होण्यापेक्षा मी तीनदा ढाल घेऊन रणात उभी राहीन. नाटक पुरुषाचं, नट पुरुष. तरी तलवार आणि बाळंतपण एकाच तराजूत घालून बाळंतपण जड ठरवणारं ते वाक्य सगळ्या शहरानं ऐकलं. आजच्या किती लढवय्या नायिकांच्या कथांत एखादं बाळंतपण नायकाच्या लढाईइतक्या गांभीर्यानं लिहिलेलं असतं? बहुधा नायिकेची आई तिच्या जन्मातच गेलेली असते आणि त्या मरणावर एक ओळ खर्ची पडते.

आई गेलेली, मैत्रीण नाही, बहिणी उथळ, सावत्र आई दुष्ट, दासी बिनचेहऱ्याची. मी वाचलेल्या त्या कथांत नायिकेभोवती पुरुषच होते. गुरू पुरुष, शत्रू पुरुष, सोबती पुरुष. जुन्या कथा याबाबतीत आपल्यापुढे आहेत हे सांगताना मला वाईट वाटतं. प्राचीन इराकमधल्या सुमेरच्या इनान्ना देवीची पाताळात उतरण्याची कथा पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर मिळते. सात दरवाजे, प्रत्येक दरवाजात अंगावरची एकेक वस्तू उतरवायची, मुकुट, गळ्यातले मणी, शेवटी वस्त्र. ती उघडी, वाकलेली अशी आत पोचते आणि मरते, तिचं प्रेत खुंटीला टांगलं जातं. पण निघण्यापूर्वी तिनं आपल्या सेविकेला, निनशुबुरला, सगळं समजावून ठेवलेलं असतं. मी आले नाही तर शोक कर, ढोल वाजव, अमुक देवाकडे जा, त्यानं नाही म्हटलं तर तमुक देवाकडे जा. निनशुबुर दारोदार फिरते. एक देव हाकलतो, दुसरा हाकलतो, तिसरा ऐकतो. देवी परत येते ती या बाईच्या पायपिटीमुळे. अरबी सुरस कथांमधल्या शहरजादचंही तसंच. वजीर बाप नको नको म्हणत असताना ती स्वतः होऊन, रोज नव्या बायकोला सकाळी मारून टाकणाऱ्या राजाशी लग्न करते, पण पहिल्या रात्री धाकट्या बहिणीला, दुनियाजादला, बोलावून घेते. बहिणीनं सांगायचं, ताई, एखादी गोष्ट सांग ना. ते एक वाक्य ठरल्या वेळी उच्चारलं गेलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बाईचं बळ एकटीचं असतं, ही कल्पना कुठून आली? एकटा घोडेस्वार क्षितिजावर दिसतो, त्या वीराच्या चित्रातून आली असणार. त्या वीराला घरून डबा कोण बांधून देतं हे चित्रात कधीच नव्हतं. त्याच्या जागी बाई बसवली तरी ते येत नाही.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. अकरा वर्षांच्या मुलीला तलवार हवी असते. मलाही हवी होती. मुलांच्या सगळ्या पुस्तकांत लढणारे मुलगे असताना कुठेतरी एक मुलगी घोड्यावर बसलेली दिसली की छातीत काहीतरी फुलायचं, ते मी विसरलेले नाही. ज्या मुलीला रोज सांगितलं जातं की नीट बस, हळू बोल, तिला धावणारी, ओरडणारी, मारणारी नायिका मिळणं ही चैन नव्हे, तो तिचा हक्क आहे. त्या कथास्पर्धेतल्या मुलींना मी दोष देत नाही. त्यांनी सुई चुलीत टाकली ती कदाचित त्यांच्या हाती जबरदस्तीनं दिलेली असेल. तलवारीला माझी ना नाही. तलवारीनंच मोजमाप व्हावं याला आहे. मुलगी पंधरा वर्षांची होते, पंचवीस वर्षांची होते, आणि तिच्या आयुष्यात तलवारीनं सुटणारं फारसं काही येत नाही. तिच्यावर वेळ येते ती भर सभेत प्रश्न विचारण्याची.

द्रौपदीचा प्रश्न आपल्याला माहीत आहे. धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? निरोप घेऊन आलेल्या माणसाला ती सभेत परत पाठवते, जाऊन हे विचार. मग तिला ओढत आणलं जातं, तरी ती तोच प्रश्न धरून उभी राहते. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला नीट सांगता येत नाही. विदुर आणि विकर्ण सोडले तर तिथे तिच्या बाजूनं धड कुणी बोलत नाही. तो प्रश्न आजवर अनुत्तरित आहे आणि माझ्या मते महाभारतातल्या कुठल्याही अस्त्रापेक्षा तो जास्त खोल गेला आहे.

पण इरावती कर्वे यांना तसं वाटलं नव्हतं. १९६७ साली आलेल्या 'युगान्त'मध्ये त्यांनी द्रौपदीच्या या प्रश्नाला चूक म्हटलं आहे, भयंकर चूक. उत्तर कोणतंही आलं तरी तिची गत वाईटच होणार होती, आणि अशा वेळी कायद्याचा काथ्याकूट करत बसण्याऐवजी तिनं क्षात्रधर्माच्या नावानं दयेची हाक द्यायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, इतका राग आला. आजही तो निष्कर्ष मला पटत नाही. पण वय वाढलं तसं एक लक्षात आलं, की इरावतीबाईंनी द्रौपदीला जेवढा मान दिला तेवढा तिच्या आरत्या ओवाळणाऱ्या कुणी दिलेला नाही. त्यांनी तिला विचार करणारी, पेचात सापडलेली, म्हणूनच चुकू शकणारी बाई मानलं आणि तिच्याशी भांडण मांडलं. आजच्या पुनर्कथनांत मी हे शोधते आणि फार क्वचित सापडतं. नायिका चुकतच नाही. चुकलीच तर ती चूक कुणी दुष्टानं फसवल्यामुळे झालेली असते. जिला चुकायची परवानगी नाही ती बलवान कशी? पूर्वी तिला पतिव्रतेच्या मखरात बसवलं होतं, आता वीरांगनेच्या. मखर ते मखरच.

खलनायिकांच्या कैफियती हल्ली पुष्कळ लिहिल्या जातात, चेटकिणी, राक्षसी, सावत्र आया. त्यांतल्या बऱ्याच मला आवडतात. फक्त प्रत्येक दुष्ट बाईमागे एखादा छळणारा पुरुष उभा केला की तिचा दुष्टपणाही तिचा राहत नाही, तोही त्याचाच होऊन जातो. तिला राज्य हवं होतं, एवढं कारण बाईच्या बाबतीत पुरेसं का वाटू नये?

राहता राहिली जादू. अद्भुतकथा लिहिणारीच्या हातात जगाचे नियम असतात. ती उडते घोडे आणू शकते, मेलेल्यांना बोलतं करू शकते. आणि तरी तिच्या राज्यात वारसा मुलाकडेच जातो, मुलींची लग्नं बापच ठरवतो, रात्री बाहेर पडायला बाई तितकीच घाबरते. नायिकेला अपवाद म्हणून एक शक्ती मिळते आणि ती या सगळ्यातून सुटते. डोंगर हलवणारी कल्पनाशक्ती इथेच का थकते, हे मला कोडं आहे. शांतिपर्वातली सुलभा बघा. ही संन्यासिनी जनक राजाची कीर्ती ऐकते, की राज्य करत असूनही हा मुक्त आहे. खरं-खोटं बघायला ती योगबळानं सुंदर रूप घेते आणि थेट त्याच्या चित्तात शिरते. यापेक्षा अद्भुत काय असणार? राजा चिडतो, तू कोण, कुणाची, कुठून आलीस, बाई असून माझ्यात शिरलीस कशी, असे आरोप करतो. सुलभा शांतपणे आधी सांगते बोलणं कसं असावं, मग विचारते, जो खरोखर मुक्त आहे त्याला मी कोण आणि कुणाची हा प्रश्न पडतोच कसा? तुझा देह आणि माझा देह एकाच द्रव्यांचे बनलेले असताना? जनकाला उत्तर सुचत नाही. जादूनं तिनं राजाला जाळलं नाही की वाकवलं नाही, वाद घालायला जागा तेवढी मिळवली. कालिदासाच्या शापानं जे काढून घेतलं, तेच इथे योगबळानं मिळवून दिलं आहे.

हे सगळं लिहिताना एक कथा सारखी आठवते आहे. आदिपर्वातच आहे, आणि तिच्या नायिकेकडे सहसा कुणी वळत नाही. वासुकी नागाची बहीण जरत्कारू. सर्व नागकुळ सर्पसत्रात, म्हणजे नागांची आहुती देणाऱ्या यज्ञात, जळून जाणार असा शाप आहे, आणि तिच्या पोटी येणारा मुलगाच ते थांबवू शकेल. तो मुलगा ज्याच्यापासून व्हायचा त्या ऋषीचं नावही जरत्कारूच. त्याची अट आहे, मला न आवडणारं काही केलंस तर त्या क्षणी सोडून जाईन. एका संध्याकाळी तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो. सूर्य अस्ताला जाऊ लागतो. उठवलं नाही तर त्याची संध्या चुकेल आणि धर्म बुडेल. उठवलं तर त्याला राग येईल आणि तो जाईल. भावाला, सगळ्या कुळाला ज्या मुलाची आस आहे तो आपल्या पोटात आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही.

ती उठवते. हळू आवाजात, गोड बोलून उठवते. तो चिडतो, म्हणतो, मी झोपलेलो असताना मावळण्याची सूर्याची प्राज्ञा नाही, तू माझा अपमान केलास. आणि निघतो. ती रडते, पण रडतानाही जे विचारायचं ते विचारते, ज्यासाठी भावानं मला तुम्हाला दिलं ते अजून झालेलं नाही, माझ्या कुळाचं काय? जाता जाता तो सांगतो, अस्ति. आहे. त्या शब्दावरून मुलाचं नाव आस्तीक पडतं, आणि पुढे तोच जनमेजयाचं सर्पसत्र थांबवतो.

महाभारतात हा प्रसंग एका अध्यायात उरकतो. कथा पुढे पळते, आस्तीकाकडे, यज्ञाकडे, पेटत्या कुंडात पडणाऱ्या नागांकडे. कुणी नव्यानं लिहायला बसलंच, तर तिनं इथे थांबावं. नाग आहेत, शाप आहे, सूर्याला दटावणारा ऋषी आहे, अद्भुताची काही उणीव नाही. हातात शस्त्र नसलेली एक नागकन्या आहे, तिच्या मांडीवर झोपलेल्या माणसाच्या डोक्याचं वजन आहे, पायाला मुंग्या आल्या आहेत, आणि झाडांच्या सावल्या लांब होत चालल्या आहेत.